घराचं काम चालू आहे, साइटवरचा पसारा आवरत नाही. सल्ला हवा

फोंडेकर:
नमस्कार. फोंड्याजवळ आमच्या घराचं काम चालू आहे. पहिला स्लॅब पडला, आता वरच्या मजल्याचे चिरे चढताहेत. मजुरी चौरस फुटाच्या दराने ठेकेदाराला दिली आहे. मंगळवारी संध्याकाळी एका बिगारी मुलाच्या पायात सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) फळीचा खिळा घुसला. पायात रबरी चप्पल. खिळा चप्पल फोडून आरपार, आणि तो पोरगा फळीसकट पाय उचलून भिंतीला धरून उभा. ओरडलासुद्धा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ठेकेदार म्हणतो, "काम म्हटलं की एवढं होणारच." मला हे पटत नाही. घरमालक म्हणून मी काय मागू, आणि कशाला पैसे मोजू?

साइट सुपरवायझर, पर्वरी:
दुखणं त्या चौरस फुटाच्या दरात आहे. त्यात बांधकाम मोजलं जातं, आवरणं मोजलं जात नाही. गवंडी म्हणतो मी चिरा लावणार, सेंट्रिंगवाला म्हणतो प्लेटी उतरवल्या, मी सुटलो. फळ्या राहतात मध्येच पडून. वाद घालू नका. एका बिगाऱ्याची रोज अर्ध्या दिवसाची हजेरी तुम्ही वेगळी द्या, फक्त आवरायला. त्याला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, हे मुकादमासमोर ठरवून घ्या.

फळी निघाली की खिळा तिथल्या तिथे उपटायचा, रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. वेळ नसेल तर निदान ठोकून वाकवायचा. बूट द्याल तेव्हा तळव्यात पोलादी पत्रा आहे का ते विचारा. नुसती पुढे लोखंडी टोपी असलेला बूट बोटं वाचवतो, खिळा अडवत नाही.

आता खरी भीतीची जागा. जिन्याची मोकळी बाजू, स्लॅबची कड आणि डक्टचं (पाइप वरखाली नेायच्या पोकळीचं) भोक. कडेला बांबूचा कठडा बांधा, एक आडवा कमरेला, एक गुडघ्याला. डक्टवर नुसता प्लाय टाकून ठेवू नका. कोणीतरी तो उचलून नेतो, किंवा जमीन समजून पाय देतो. प्लाय ठोकून बसवा, वर लाल रंगाने 'खड्डा' लिहा. कॉलमच्या उभ्या सळ्यांना प्लास्टिकची टोपी घालतात, तिने ओरखडा वाचतो, वरून पडणारा माणूस वाचत नाही. जिथे वरून पडायची शक्यता आहे तिथे सळ्यांच्या डोक्यावर जाड लाकडाची पट्टी पक्की बसवा.

वायरमन, म्हापसा:
सॉकेटमध्ये उघड्या तारा खोचून वर काडी ठोकलेली असेल, तर आधी ते बंद करा. तात्पुरत्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, लावून घ्या आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. वायर जमिनीवरून नको, बांबूवरून न्या. आपल्याकडच्या पावसात टेप गुंडाळलेला जोड टिकत नाही.

आरोग्य कार्यकर्ती, मडगाव:
पसाऱ्यात पाणीही धरा. क्युरिंगसाठी (सिमेंट ओलं ठेवायला) स्लॅबवर केलेली पाण्याची आळी, पाण्याच्या टाक्या, उघडी पिंपं, यात मलेरियाचे डास वाढतात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाक्या-पिंपं पूर्ण रिकामी करून घासा. टाक्यांना घट्ट झाकणं लावा. आळ्यांतलंही पाणी काढून लगेच नवं भरा, म्हणजे क्युरिंग तुटणार नाही. कामगारांची आरोग्य खात्याची कार्डं झाली आहेत का, तेही बघा.

फोंडेकर:
सगळ्यांचे आभार. उद्यापासून बिगारी वेगळा, बुटांसाठी सगळ्यांच्या पायांची मापं घेतली. पोराचा पाय बरा आहे, पण डॉक्टर म्हणतील तेव्हाच कामावर घेईन. एक शंका: आमची निम्मी माणसं बागलकोटकडची, काहींना कुठलीच लिपी वाचता येत नाही. मग 'खड्डा' लिहून काय उपयोग?

साइट सुपरवायझर, पर्वरी:
बरोबर बोललात, माझ्या लक्षात आलं नाही. अक्षरं नकोत, पूर्ण प्लायभर लाल फुली मारा. आणि नवीन माणूस आला की मुकादमाने त्याला आधी तिथे नेऊन, प्लाय हलवून, खालचा खड्डा दाखवायचा. मगच हातात घमेलं.