मदत हवी आहे: मूलर-लायर भ्रमाच्या प्रयोगात संवेदन कोठे संपते आणि अवबोधन कोठे सुरू होते?

नमस्कार. मी मानसशास्त्र हा विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून करीत आहे. लग्नानंतर चौदा वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले असल्यामुळे शंका विचारायला रोजचा वर्ग नाही आणि शेजारच्या बाकावर कोणी मैत्रीणही नाही. सामान्य मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची वही तीन आठवड्यांत सादर करायची आहे. बाकीचे सर्व प्रयोग लिहून झाले आहेत. समान लांबीच्या दोन रेषा टोकांच्या पात्यांमुळे लहानमोठ्या दिसतात, त्या मूलर-लायर भ्रमाच्या ‘निष्कर्ष व चर्चा’ या भागापाशी मात्र मी थांबले आहे.

प्रयोग मी घरीच केला. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर १०० मिलिमीटरची प्रमाण रेषा काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना बाणासारखी, आत वळलेली पाती काढली. तिच्याच पुढे जोडून सरकती पट्टी ठेवली, जिच्या टोकाची पाती बाहेरच्या बाजूस उघडतात. दुसरी रेषा पहिलीइतकी वाटेपर्यंत प्रयुक्ताने (ज्याच्यावर प्रयोग करतो त्या व्यक्तीने) पट्टी सरकवायची, असे वीस प्रयत्न घेतले. त्यांतील दहांमध्ये पट्टी लांबीकडून आणि दहांमध्ये आखूडपणाकडून सुरू केली.

प्रयुक्त म्हणून माझे सासरे बसले. त्यांचे सारे आयुष्य सुतारकामात गेले आहे. फळी सरळ आहे की नाही हे ते एक डोळा मिटून पाहतात आणि गुण्या लावण्याआधीच काटकोन चुकला असल्याचे सांगतात. त्यामुळे त्यांची त्रुटी नगण्य येईल, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात पहिल्या दहा प्रयत्नांची सरासरी ८३ मिलिमीटर आली, म्हणजे १७ मिलिमीटरची त्रुटी. आकडा ऐकताच त्यांनी स्वतःची पोलादी पट्टी आणून दोन्ही रेषा मोजल्या, पट्टी स्वतःच्या हाताने बरोबर १०० वर आणली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अगं, सारख्या आहेत हे कळतंय मला, पण ही दुसरी अजून लांबच दिसतेय.” पुढच्या दहा प्रयत्नांत त्रुटी १३ मिलिमीटरपर्यंत उतरली, पण गेली नाही.

त्यांच्या या एका वाक्यापाशीच माझी अडचण आहे. माझ्या पुस्तकात अवबोधनाची व्याख्या अशी दिली आहे की, संवेदनाला, म्हणजे ज्ञानेंद्रियाच्या कच्च्या अनुभवाला, पूर्वानुभवाच्या आधारे अर्थ देण्याची प्रक्रिया म्हणजे अवबोधन. हे मान्य केले, तर दोन्ही रेषा समान असल्याचे स्वतः मोजून पाहिल्यानंतर, म्हणजे त्याविषयीचे ज्ञान हाती आल्यानंतर, दिसणे का बदलत नाही? ज्या पूर्वानुभवाबद्दल व्याख्या बोलते तो आणि आपण जाणीवपूर्वक मिळवलेले ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या का? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अवबोधनाला नेणिवेतले अनुमान म्हटले होते, हे मी वाचले आहे. ‘नेणिवेतले’ या शब्दातच उत्तर आहे असे मला वाटते, परंतु ते परीक्षेच्या भाषेत कसे मांडावे हे सुचत नाही.

दुसरी गोष्ट परिभाषेची. एका पुस्तकात ‘संवेदन’ आणि ‘अवबोधन’ अशी जोडी आहे, तर ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकात ‘वेदन’ आणि ‘संवेदन’. म्हणजे ‘संवेदन’ हा एकच शब्द एकीकडे ज्ञानेंद्रियाच्या कच्च्या अनुभवासाठी येतो आणि दुसरीकडे अर्थ लागलेल्या अनुभवासाठी. हे लक्षात येईपर्यंत माझा जवळजवळ एक महिना गेला. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हा त्रास फार होतो, आणि त्याबद्दल पुस्तकांत एका ओळीचीही सूचना नसावी याचे मला मनापासून वाईट वाटते. वहीच्या आरंभी मी कोणती संज्ञा कोणत्या अर्थाने वापरते आहे हे लिहून ठेवले, तर परीक्षकांना चालते का?

स्पष्टीकरणासाठी मी जे जमवले आहे तेही सांगते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांच्या मते, आत वळलेली पाती इमारतीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यासारखी आणि बाहेर उघडणारी पाती खोलीच्या आतल्या कोपऱ्यासारखी वाटतात. दूर भासणारी रेषा मेंदू मोठी करून दाखवतो. सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील इव्हॅन्स्टनच्या लोकांत हा भ्रम सर्वांत जास्त, तर कलहारीतील सान लोकांत अत्यंत कमी आढळला. काटकोनी घरांत वाढल्याचा हा परिणाम असावा, असे त्यांनी सुचवले. माझ्या सासऱ्यांनी तर असे काटकोन जन्मभर स्वतःच्या हाताने घडवले, म्हणून हे स्पष्टीकरण मला विशेष जवळचे वाटले. परंतु पात्यांऐवजी टोकांना वर्तुळे काढली तरी भ्रम उरतो, आणि वर्तुळांत कोपरा कोठून आला? ही हरकत चर्चेत घ्यावी, की पदवीच्या पातळीवर एकच स्पष्टीकरण देऊन थांबावे?

इतिहासाच्या प्रकरणाशीही याचा संबंध जुळतो आहे असे मला दिसते. आपण वापरतो ती सरासरी त्रुटीची पद्धत (प्रयुक्ताने जुळवलेली लांबी खऱ्या लांबीपासून सरासरी किती चुकते ते मोजणे) फेश्नर यांनी १८६० च्या ग्रंथात मांडलेल्या मनोभौतिक, म्हणजे बाहेरचे उद्दीपन आणि मनातला अनुभव यांचे नाते मोजणाऱ्या, पद्धतींपैकी आहे, आणि ज्या लाइपझिगमध्ये ते काम झाले तेथेच वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली. टिचनर यांच्यासारखा रचनावादी, म्हणजे अनुभवाचे मूळ घटक सुटे करून पाहणारा, माझ्या सासऱ्यांना म्हणाला असता की, रेषेविषयी बोलू नका, केवळ संवेदनाचे वर्णन करा. समष्टिवादी (गेस्टाल्ट पंथाचा, भागांपेक्षा संपूर्ण आकृतीला महत्त्व देणारा) म्हणाला असता की, पाती वगळलेली सुटी रेषा तुम्हाला दिसतच नाही, दिसते ती संपूर्ण आकृती. मला दुसरे म्हणणे पटते, आणि ते खरे असेल तर ‘आधी संवेदन, मग अवबोधन’ ही पायरी केवळ समजावण्याच्या सोयीसाठी आहे, असे लिहिण्याचा मोह होतो. परीक्षकांच्या दृष्टीने हे विधान चुकीचे ठरेल का?

ज्यांनी हा विषय शिकवला आहे किंवा ज्यांच्या वह्या तपासून झाल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पहिल्या आणि शेवटच्या दहा प्रयत्नांतील चार मिलिमीटरचा फरक सरावाचा परिणाम म्हणून लिहावा, की मध्येच प्रयुक्ताने रेषा मोजल्या म्हणून ते शेवटचे दहा प्रयत्न बाद धरून प्रयोग नव्याने घ्यावा, हेही सांगावे. पुन्हा बसण्यास सासरे तयार आहेत.