'सेट'ला ४३० अर्थ, म्हणून मराठी भिकारी?

शब्दखोर:
काल सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या 'सेट'चे ४३० अर्थ आहेत, मराठीत असा एक तरी शब्द दाखवा. वर दात काढणारं स्मायली. तिथे भांडलं की मेंटेनन्सचा विषय निघतो, म्हणून इथे लिहितोय.

घ्या, लागणे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वाट लागते, भात बुडाला लागतो. लग्नसुद्धा लागतंच, आणि दोन्हींचं मूळ एकच, संस्कृत लग्. तो ग्रुपवाला गृहस्थ माझा कोणी लागत नाही, हेही त्यातच धरा.

शिवाय ४३० ही १९८९ च्या आवृत्तीतली मोजणी. पुढे त्याच कोशाने 'रन' नव्याने लिहायला घेतला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ भरले. म्हणजे फॉरवर्डही शिळाच. आणि 'सेट' हा मुळात एक शब्द नाही. बसवणे, ठेवणे या अर्थाचा जुना इंग्रजी. कपबशांचा सेट मात्र फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'वरून, म्हणजे पंथ. दोन घरची माणसं, एक रेशनकार्ड!

चुनाविटा:
यादी झकास. पण ऑक्सफर्डवाल्यांनी एकेक अर्थ जुन्या वाक्यानिशी, साल घालून नोंदवलाय. आपण जेवताना दहा आठवले की टाळ्या.

माझी २६ वर्षं साइटवर गेली. सिमेंटचा इनिशियल सेटिंग टाइम किमान ३० मिनिटं, फायनल जास्तीत जास्त ६०० मिनिटं, हे भारतीय मानक. सेट होणं वेगळं, ताकद येणं वेगळं. मराठीत दोन्हीला 'घट्ट झालं'. भांडुपला एका नव्या पोराला मी शुद्ध मराठीत सांगितलं, घट्ट झाल्याशिवाय टेकू काढू नको. त्याने सकाळी अंगठा दाबून बघितला, घट्ट लागला, टेकू काढले. छज्जा खाली. नशीब, खाली कोणी नव्हतं.

शब्दखोर:
म्हणजे छज्जा मराठीने पाडला? 'इतके दिवस हात लावू नको' सांगायला कुठली भाषा कमी पडली?

चुनाविटा:
साइटवर पाय ठेवलाय का कधी? एसीत बसून भाषा वाचवताय.

परळची_मावशी:
सिमेंटचं राहू दे. माझी सून 'दही सेट झालं नाही' म्हणते तेव्हा माझं डोकं फिरतं. विरजण लावतात आणि दही लागतं. सेट काय, टीव्ही आहे?

पोह्यांचा_डबा:
मावशी, दही लागत नसेल तर दूध बघा. बोट सुखाने बुडेल इतपत कोमट हवं. फार गरम दुधात विरजण मरतं, गारात आळशी होतं.

परळची_मावशी:
मला दही शिकवू नका. मे महिन्यात रात्री लावलं की सकाळी आंबट ढाण. आम्ही चाळीत चारला पाणी भरायला उठायचो, तेव्हा लावायचे. साडेदहाला चमचा उभा राहायचा.

पोह्यांचा_डबा:
स्टीलच्या डब्यात की मातीच्या?

परळची_मावशी:
मातीच्या. जादा पाणी शोषून घेते ती.

चुनाविटा:
विषय काय आणि चाललंय काय!

पोह्यांचा_डबा:
काका, हाही सेटिंग टाइमच.

चर्नीरोडकर:
'लागणे'चं कौतुक पुरे. दादरला मेहुणा म्हणाला, मला गाडी लागते. मी इंडिकेटरकडे बघत, 'थांब, अजून लागली नाही, कितीवर लागते बघू.' कसारा घाटात काय झालं ते सांगत नाही. आणि 'सेट' तरी परका कुठे राहिलाय? आमच्याकडे 'भाची सेट झाली का' विचारलं की नोकरी, लग्न की प्राध्यापकीची सेट परीक्षा, काहीही असू शकतं.

शब्दखोर:
मग तो अर्थ आपण दिला. ऑक्सफर्डला कळवा, ४३१.

चुनाविटा:
पोराला दिवस मोजून सांगायला हवे होते, एवढं मान्य. भाषेबद्दल एक अक्षर मागे घेत नाही. लागणेचे अर्थ सालासकट लिहून काढा, मग बोलू.

शब्दखोर:
काढतो. मेंटेनन्सची मीटिंग झाली की.

परळची_मावशी:
काल सुनेने दूध कोमट करून लावलं. दही लागलं. ती म्हणाली, सेट झालं. मी काही बोलले नाही, दही चांगलं होतं.