राष्ट्रपतींवर महाभियोग: कारण कोणतं चालेल आणि ठराव कुठे अडतो?

कळवा_खाडी:
ठाण्यातल्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी गटचर्चा आहे, विषय: राष्ट्रपतींना पदावरून कधी काढावं? मुलं थेट ट्रम्प आणि क्लिंटनवर जातात. आपल्याकडे कारण म्हणून नेमकं काय चालतं आणि आकडे कसे लागतात, ते हवंय.

वाशीचा_वकील:
कारण एकच, संविधानाचा भंग (अनुच्छेद 56 आणि 61). भंग म्हणजे काय, याची व्याख्या दिलेली नाही.

आरोप कोणत्याही सभागृहात आणता येतो. किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या आणि 14 दिवस आधी लेखी नोटीस लागते. लोकसभेत 136 सह्या, राज्यसभेत 62. मग त्या सभागृहाने दोन तृतीयांश बहुमताने ठराव करायचा. दुसरं सभागृह चौकशी करतं किंवा करवून घेतं. तिथे राष्ट्रपती स्वतः हजर राहू शकतात किंवा आपला प्रतिनिधी पाठवू शकतात. आरोप सिद्ध झाल्याचा ठराव तिथेही दोन तृतीयांशाने झाला की त्याच तारखेपासून पद गेलं.

मुलं हमखास चुकतात ती इथे: हे दोन तृतीयांश हजर सदस्यांचे नसून एकूण सदस्यसंख्येचे असतात. लोकसभेत 362, राज्यसभेत 164. गैरहजर राहणारा खासदार प्रत्यक्षात विरोधातच मत देतो. अमेरिकन सिनेटमध्ये हजर सदस्यांचे धरतात.

अजून एक. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देणारे आमदार महाभियोगात नसतात, आणि त्या निवडणुकीत मत नसलेले नामनियुक्त खासदार महाभियोगात असतात.

घोडबंदर_रोड:
आकडे बरोबर, पण प्रश्न 'कधी काढावं' असा आहे. अनुच्छेद 74 मुळे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो (44वी घटनादुरुस्ती, 1978), पुन्हा तोच आला की मानावाच लागतो. तेव्हाही नकार दिला तर भंग उघड आहे. घटनादुरुस्ती विधेयकाला संमती नाकारणं हेही तसंच; 1971 च्या 24व्या दुरुस्तीनंतर तिथे पर्यायच उरलेला नाही.

उलट राष्ट्रपती झैलसिंग यांनी 1986 चं टपाल विधेयक संमती न देता नुसतं ठेवून दिलं, तो भंग म्हणता येणार नाही. विधेयकाला संमती देण्यासाठी अनुच्छेद 111 मध्ये मुदतच नाही. न आवडणारं भाषण, सरकारशी खटके, अप्रिय निर्णय यांवर महाभियोग आणू नये. लेखी कर्तव्य आणि ते जाणूनबुजून मोडल्याचा कागद, दोन्ही हातात हवेत. मंत्रिमंडळाने काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालय करू शकत नाही, पण ती बंदी न्यायालयांपुरती आहे. सभागृहाच्या चौकशीला ती लागू नाही.

बेलापूर_पट्टी:
ठराव कागदावरच कसा मरतो याचा नमुना डिसेंबर 2024 चा. उपराष्ट्रपती धनखड यांच्याविरुद्धची नोटीस 10 तारखेला दिली, अधिवेशन 20 ला संपत होतं. 14 दिवस बसतच नव्हते. राज्यसभेच्या उपसभापतींनी ती फेटाळली आणि नावाचं स्पेलिंग चुकल्याचंही नोंदवलं! (उपराष्ट्रपतींसाठी कारण लागत नाही: राज्यसभेच्या त्या वेळच्या सदस्यांचं बहुमत आणि लोकसभेची सहमती पुरते.)

गटचर्चेला स्थानिक उदाहरण हवं असेल तर नवी मुंबईचं घ्या. ऑक्टोबर 2016 मध्ये महापालिकेत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव 104 विरुद्ध 6 असा मंजूर झाला. तरी ते मार्च 2017 पर्यंत पदावर होते. नुसत्या बहुमताने खुर्ची रिकामी होत नाही. अर्थात आयुक्त हा नेमलेला अधिकारी, महाभियोगाशी त्याची बरोबरी करू नका.

कळवा_खाडी:
चौकशी चालू असताना राष्ट्रपती सह्या करत राहतात का? आणि पद गेल्यावर पुढे?

वाशीचा_वकील:
हो, करत राहतात. निलंबनाची सोय नाही आणि चौकशीला कालमर्यादाही नाही. अनुच्छेद 61 मधली सगळ्यात कच्ची जागा हीच. दक्षिण कोरियात संसदेचा ठराव होताच अधिकार थांबतात. 14 डिसेंबर 2024 ला तिथले राष्ट्राध्यक्ष यून यांच्याविरुद्ध 300 पैकी 204 मतं पडली, ते लगेच बाजूला झाले आणि 4 एप्रिल 2025 ला घटनात्मक न्यायालयाने एकमताने पदच्युत केलं. त्याआधी 7 डिसेंबरचा प्रयत्न सत्ताधारी पक्षाच्या बहिष्कारामुळे फसला होता, मतं लागणाऱ्या 200 पर्यंत पोचलीच नाहीत.

आपल्याकडे पद गेलं तर उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. निवडून येणाऱ्याला उरलेली मुदत नाही, पूर्ण पाच वर्षं मिळतात.