मुंबई हुंड्यात दिली ती नक्की कुणी? कातारिनाच्या आईबद्दल माहिती हवी

फोंड्याची_नमू:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बायकांचा वाचनकट्टा असतो, पुढच्या शनिवारी माझी पाळी आणि मी उत्साहाच्या भरात सांगून बसले की पोर्तुगालच्या राजघराण्यातल्या एखाद्या बाईच्या संसारावर बोलते. आता शोधायला बसले तर सगळीकडे तीच ओळ, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी झालेल्या कातारिना ब्रागांझाच्या लग्नात मुंबई इंग्रजांना हुंड्यात दिली, बस्स, पुढे काही नाही. मला त्या नवरीपेक्षा तिच्या आईत जास्त इंटरेस्ट आहे. करार १६६१ चा, बाप तर १६५६ लाच गेलेला, मग लग्न ठरवलं कुणी, आईनेच ना? नाव लुईझा, आधी ब्रागांझांची डचेस मग राणी, माहेर स्पेनचं, इतकंच कळलं. मुलं किती, सासरी कोण होतं, घरात कशी वागायची? लढाया आणि तह सांगत बसले तर अर्ध्या जणी चहाच्या आधीच उठून जातील. आणि आपल्या गोव्यातल्या चांदर गावच्या त्या मोठ्या ब्रागांझा घराचा यांच्याशी काही संबंध आहे का, हे नक्की कुणीतरी विचारणार.

पर्वरी_पार्सल:
सात बेटं हुंड्यात! आमच्या काकांनी जावयाला एक स्कूटर दिली तर वीस वर्षं ऐकवतायत.

लिसेंवचा_म्हातारा:
नमूबाय, मी ऐंशी पार केलेला माणूस, लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, पोर्तुगालचे राजे क्रमाने पाठ करून घेतले आमच्याकडून, चुकला की हातावर पट्टी, त्यामुळे राजे अजून पाठ आहेत पण राण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, ते सगळं नंतर वाचलेलं. टायपिंग हळू आहे, सांभाळून घे.

लुईझा जन्मली १६१३ ला, दक्षिण स्पेनात. मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची लेक, गुस्मान घराणं, आंदालुसियातलं सगळ्यात बडं, आपल्या भाषेत भाटकारांचा भाटकार, म्हणजे जमीनदारांचा जमीनदार. तेव्हा पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली, १५८० पासून. आणि पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगू शकेल असं मोठं घर एकच, पोर्तुगालातल्याच व्हिला व्हिसोझा गावचे ब्रागांझा. तर स्पेनचा मुख्य मंत्री ओलिव्हारेस, तो पण गुस्मानांच्याच एका शाखेतला, त्याने हिशेब केला की या ड्यूकला आपल्यातली बायको करून द्यावी, घरातल्या घरात पहारा बसेल. १६३३ च्या जानेवारीत एल्व्हासला लग्न लागलं. ती १९ ची, ड्यूक जुआंव २८ चा.

सासूचा जाच वगैरे शोधत असशील तर सासूच नव्हती. जुआंव तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, सासरे १६३० ला गेले, म्हणजे ही आली तीच घरची मालकीण म्हणून. घर म्हणजे लांबच लांब संगमरवरी दर्शनी भिंतीचा राजवाडा. नवऱ्याला वेडं दोन, शिकार आणि संगीत. त्याचा संगीताच्या पोथ्यांचा संग्रह युरोपात नावाजलेला होता, पुढे १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात सगळा गेला, मला अजून त्याचं वाईट वाटतं. असा माणूस सुखासुखी बंडाला उभा राहत नाही.

पंधरा वर्षांत सात बाळंतपणं झाली तिची. पहिला तेओदोझिओ १६३४ चा. मग एक मुलगी आना, ती जगली नाही. मग जुआना. मग कातारिना, २५ नोव्हेंबर १६३८, सांता कातारिनाचा दिवस म्हणून नाव कातारिना. हा दिवस गोंयकाराला वेगळा सांगायला नको, १५१० ला आल्बुकेर्कने गोवा घेतला तो हाच, म्हणून तर जुन्या गोव्याचं से कातेद्राल तिच्या नावाचं. मग सप्टेंबर १६४० ला मानुएल झाला आणि त्याच दिवशी गेला. त्यानंतर तीनच महिन्यांत, १ डिसेंबरला, लिस्बनला सरदारांनी उठाव केला आणि जुआंवला राजा केलं. घरात तीन मुलं, सगळ्यात मोठा सहा वर्षांचा. उठाव फसला असता तर नवऱ्याचं डोकं उडालंच असतं, मुलांचं काय झालं असतं देव जाणे.

"जन्मभर डचेस राहण्यापेक्षा एक दिवसाची राणी बरी" हे वाक्य तुला सगळीकडे सापडेल. वापर, पण "असं म्हणतात" लावून वापर. नवऱ्याला हो म्हणायला तिने लावलं असं सगळे सांगतात, ते मी मानतो. पण तीन महिन्यांपूर्वी बाळ पुरलेली बाई असं नाटकातल्यासारखं बोलेल हे मला काही पटत नाही.

फोंड्याची_नमू:
काका किती किती आभार! सासू नव्हती हे ऐकून आमच्याकडे टाळ्याच पडतील. पण मग तिच्या माहेरचं काय झालं? म्हणजे नवरा स्पेनच्या राजाविरुद्ध उभा आणि हिचे भाऊ स्पेनच्या राजाचे सरदार, बोलणं तरी होतं का?

लिसेंवचा_म्हातारा:
तीच खरी गोष्ट आहे बाय. तिचा भाऊ गास्पार तेव्हा मेदिना सिदोनियाचा ड्यूक झालेला. १६४१ ला त्याच्यावर आरोप आला की बहिणीकडे राज्य गेलं बघून हाही आंदालुसिया वेगळं काढायच्या कटात आहे. राजाच्या पायावर जाऊन पडला म्हणून वाचला, बरोबरच्या आयामोंतेच्या मार्किसचं डोकं पुढे १६४८ ला उडवलं. आणि आपण निष्ठावंत आहोत हे दाखवायला या गास्पारने काय करावं, तर स्वतःच्या मेहुण्याला, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला, द्वंद्वाचं जाहीर आव्हान! सरहद्दीवरच्या एका गावाजवळ १ ऑक्टोबरपासून ऐंशी दिवस वाट बघेन म्हणून छापील कागद वाटले. जुआंव कशाला जातोय.

दिराचंही वाईट झालं. दुआर्ते नावाचा धाकटा भाऊ जर्मनीत बादशहाच्या फौजेत नोकरीला होता, त्याचा उठावाशी काही संबंध नाही, तरी स्पेनच्या सांगण्यावरून त्याला पकडलं आणि मिलानच्या किल्ल्यात ठेवलं, १६४९ ला तिथेच मेला. म्हणजे राज्य मिळालं ते माहेर गमावून आणि दीर तुरुंगात घालवून.

सासष्टीकर_मिंगेल:
काकांनी सगळं सांगितलं, एक राहिलं ते मी सांगतो, थोडं भयंकर आहे. लुईझा ज्या घरात सून म्हणून गेली त्या घरात तिच्याच माहेरची एक मुलगी तिच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी गेली होती. लिओनोर, ती पण मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची लेक, चौथा ड्यूक जायमे तिचा नवरा. १५१२ ला त्याने संशयावरून तिला व्हिला व्हिसोझाच्या राजवाड्यात भोसकून मारलं, बरोबर एक नोकरीतला तरुण पोरगा पण मारला. शिक्षा? दुसऱ्या वर्षी स्वतःच्या खर्चाने मोरोक्कोत आझेमूर जिंकायला गेला, झालं प्रायश्चित्त. मग दुसरं लग्न केलं, आणि त्या दुसऱ्या बायकोचा मुलगा म्हणजे डोम कोंस्तांतिनु, आपला गोव्याचा व्हाइसरॉय, १५५८ ते १५६१, दमण घेतलं तो. लुईझाला लग्नाच्या वेळी हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, असल्या गोष्टी माहेरी विसरत नाहीत.

चांदरच्या घराबद्दल: रक्ताचा संबंध नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याकडच्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावं मिळाली, कधी पाद्रीचं, कधी धर्मपित्याचं, तशातलंच हेही. मोठं आडनाव म्हणजे मोठे पाहुणे असं समजू नका, नाहीतर आमच्या वाड्यावरचे सगळे राजाचे भाचे ठरतील.

पर्वरी_पार्सल:
मी आता सिरियस. पणजीची आमची इमाकुलादा कोंसेसांव चर्च लुईझाच्या नवऱ्याने, या जुआंव राजानेच बांधली ना? ८ डिसेंबरचं फेस्त त्यामुळेच, कुठेतरी वाचलं होतं.

सासष्टीकर_मिंगेल:
नाही रे. तिथलं कपेल १५४१ चं, आणि १६१९ ला नवीन चर्च बांधली तेव्हा जुआंव पंधरा वर्षांचा पोरगा. तू वाचलंस ते वेगळं असणार, १६४६ ला त्याने आपला मुकुट व्हिला व्हिसोझाच्या कोंसेसांव सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, वाहिला आणि ती देशाची राणी म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून पोर्तुगालच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. त्या राजाचं नाव गोव्यात बघायचंच असेल तर जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉयच्या कमानीखाली उभा राहा, आतल्या बाजूला १६५६ चा लेख आहे, खरा आणि कायदेशीर राजा जुआंव चौथा म्हणून. फेरीला जाताना सगळे खालून गाडी काढतात, वर कोण बघतो.

काणकोणकार:
मुंबईबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून मी लिहितो. पहिलं म्हणजे सात बेटं दिली हे सगळे लिहितात पण करारात मुंबईचं बंदर आणि बेट एवढंच आहे, म्हणूनच माहीम त्यात येतं की नाही यावरून नंतर भांडण. दुसरं म्हणजे बाईने तिकडे लिस्बनला बसून करार मान्य केला पण माल इथे होता. १६६२ ला इंग्रजांची जहाजं आली, सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन, आणि गोव्याचा पोर्तुगीज कारभारी आंतोनिओ द मेलो ई कास्त्रो देईनाच, म्हणे कागदपत्रं बरोबर नाहीत. मग हे शिपाई कुठे राहिले माहितीय? अंजदीव! आमच्या काणकोणच्या समोरचं, आता नेव्हीकडे आहे ते. पावसाळे काढले त्यांनी तिथे, तापाने पटापट मेले, शिपमन पण तिथेच १६६४ ला मेला. शेवटी १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुक नावाच्याने मुंबई घेतली तेव्हा चारशेतले जेमतेम शंभरच्या आसपास उरलेले. मेलो ई कास्त्रोने तर राजाला लिहून कळवलं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला म्हणून समजा. आणि ज्या जावयासाठी एवढं केलं त्याने १६६८ ला मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली.

फोंड्याची_नमू:
दहा पौंड!! आणि आईने हे का केलं ते कुणी सांगेल का, फक्त मोठं स्थळ म्हणून?

लिसेंवचा_म्हातारा:
स्थळ मोठं होतंच, पण तिला हवे होते ते शिपाई आणि जहाजं. नवरा गेला तेव्हा ती ४३ ची. त्याआधी १६५३ ह्या एकाच वर्षात थोरला तेओदोझिओ १९ चा आणि लेक जुआना दोघं गेली. उरले कातारिना, आफोंसु आणि धाकटा पेद्रु. आफोंसु लहानपणी आजारी पडला होता, एक बाजू लुळी, डोकंही ताळ्यावर नाही, आणि तोच तेराव्या वर्षी राजा. तर कारभार आईने हातात घेतला. समोर स्पेन, म्हणजे तिचं माहेरच, पोर्तुगाल परत गिळायला टपलेलं. बाकी कुणी मदतीला नाही. म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुलगी दिली, बरोबर मुंबई, मोरोक्कोतलं तांजिएर आणि वीस लाख क्रुझादो म्हणजे पोर्तुगीज नाणी, आणि बदल्यात इंग्रज फौज आणली आपल्या माहेराविरुद्ध लढायला. ती फौज खरंच लढली पण, १६६३ ला आमेइशियालच्या लढाईत.

कातारिना एप्रिल १६६२ ला जहाजात बसली. मायलेकींची परत भेट नाही.

आणि आता मुलगा. आफोंसुची संगत भिकार, राजवाड्याच्या चौकात दुकान मांडणारा कोंती नावाचा एक व्यापारी, त्याच्या नादाने रात्री रस्त्यावर मारामाऱ्या. आईने त्या कोंतीला उचलून ब्राझीलला धाडून दिला. मुलाला राग आला, कास्तेलो मेल्योर नावाच्या काउंटाने तो राग वापरला, आणि जून १६६२ ला आईचा कारभार काढून घेतला. लेक गेल्यावर दोनच महिने! मग ती स्वतःच स्थापलेल्या कॉन्व्हेंटात जाऊन राहिली आणि १६६६ च्या फेब्रुवारीत वारली. स्पेनने पोर्तुगाल मान्य केलं १६६८ ला. त्याच सुमारास पेद्रुने थोरल्या भावाला कारभारातून बाजूला करून त्याच्या बायकोशी लग्न पण केलं, लग्न रद्द करून घेऊन हं, रीतसर. बरं झालं ते बघायला ती नव्हती.

पर्वरी_पार्सल:
काका ही तर आमच्या वाड्यावरची भाटाची, म्हणजे जमिनीची, केस झाली, फक्त भाट मोठं.

फोंड्याची_नमू:
मंडळी मी आज रात्री लिहायला बसते. लिओनोरची गोष्ट सांगू की नको ठरत नाहीये, आमच्यात दोघी-तिघी हळव्या आहेत, पण न सांगता चालायचं नाही असंही वाटतंय. कमानीचा लेख रविवारी नवऱ्याला घेऊन बघून येते, फोटो इथे टाकते. काका एवढंच सांगा, सुरुवात कुठून करू, अंजदीवपासून की त्या ऐंशी दिवस थांबणाऱ्या भावापासून?

लिसेंवचा_म्हातारा:
भावापासून कर, हसतील. आणि चहा शेवटी ठेवू नकोस, आधीच दे. इंग्लंडच्या दरबारात त्याची फॅशन कातारिनानेच पाडली, तेव्हा कप हातात असताना तेही सांगून होईल आणि कुणी उठणारही नाही.