ईस्टरची सजावट घरच्या सामानातून, स्वस्तात कशी करू?

तिखटजाळ (श्टुटगार्ट, जर्मनी):
मुलीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली आहे. २ एप्रिलच्या गुरुवारपर्यंत प्रत्येक घरातून पाच अंडी आणायची. आतून रिकामी केलेली, वरून रंगवलेली. दारातल्या मोठ्या फांदीवर टांगणार आहेत. दुकानात प्लॅस्टिकची मिळतात, पण 'घरी केलेली' या शब्दांखाली रेघ मारली आहे.

काल बसले. सुईने दोन्हीकडे भोकं पाडली आणि फुंकायला लागले. पहिलं हातातच फुटलं. दुसऱ्यातून काही म्हणजे काही बाहेर येईना, माझे कान मात्र दुखायला लागले. तिसरं नवऱ्याने घेतलं, त्याचा शर्ट धुवायला टाकलाय. रात्री भुर्जी, सकाळी आम्लेट, आणि पोरगी विचारतेय की अंडं कधी करायचं.

घरात आहे ते असं: लोकर, भारतातून आणलेला फेविकॉल, आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटिन कागद, रांगोळीचे रंग, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, आणि कांद्याची सालं म्हणाल तेवढी. पाच युरोच्या वर खर्च करायचा नाहीये. काय करू?

जुनीखोड (लाइपझिग, जर्मनी):
तिखटजाळ, तुझा क्रम चुकतोय. आधी रंगव, मग फुंक. रिकामं अंडं रंगाच्या पाण्यात बुडत नाही, बुचासारखं तरंगत बसतं. मी पहिल्या वर्षी वर वाटी पालथी घालून बसले होते.

पांढरी अंडी आण. इथे अंड्यांवर छापलेला असतो तो लाल शिक्का व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला जातो. आठ-दहा कांद्यांची सुकी सालं अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळ, गाळ, गार कर, दोन चमचे व्हिनेगर घाल. आता कोथिंबिरीचं एक पान ओलं करून अंड्यावर सपाट चिकटव, वरून जुन्या पायमोज्याचा पातळ तुकडा ताणून मागे दोऱ्याने घट्ट बांध. कच्चंच अंडं त्या रंगात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. सकाळी सोडलंस की गडद तांबूस अंड्यावर कोथिंबिरीचं पांढरं पान, एकेक दातरा दिसतो. लाल कोबीच्या पाण्यात असंच ठेवलंस तर निळं होतं. बीटाच्या नादी लागू नकोस, मळकट गुलाबी येतो.

फुंकायच्या आधी खालचं भोक मोठं कर, वाटाणा जाईल एवढं. दातकोरणी आत घालून बलक फोड, म्हणजे फुंकायला जोर लागत नाही. मग आतून धू, वाळव. टांगायला आगपेटीची काडी अर्धी मोड, मध्यभागी दोरा बांध, ती उभी आत सोड आणि दोरा ओढ. आत आडवी बसते, सुटत नाही.

रांगोळीचे रंग राहू देत. फेविकॉलवर छान बसतात, पण पोरांच्या हाताला लागतात आणि हात तोंडात.

भरड_दळण:
आपले सण कमी आहेत का? चैत्रात गुढी उभारा की.

तिखटजाळ:
उभारली होती हो, खिडकीत. गाठी अजून तिथेच आहेत, निम्म्या पोरीने खाल्ल्या.

वसईकरीण:
आमच्याकडे वसईत उलटं असतं बघ. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, चर्चच्या वेदीवर फुलं नसतात, सगळी सजावट ईस्टरच्या आदल्या रात्रीला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, नारळाच्या पातीचा क्रूस विणून तसबिरीमागे खोचायचा. तो पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत तिथेच, मग त्याचीच राख. अंडी आम्ही करतो ती काजूच्या मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या गोळ्याची, ती दारात टांगली तर मुंग्या.

तारीख का फिरते असं मुलीने विचारलं तर सांग, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. यंदा, २०२६ला, २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ला ईस्टर, ते त्यामुळेच.

जुनीखोड (लाइपझिग):
एक राहिलंच. भुर्जीसाठी फोडलेल्या अंड्यांची कवचं टाकू नकोस. वरचं टोकच उडालं असेल तर आत ओला कापूस घाल आणि वर आळीव पेर. हो, बाळंतिणीच्या लाडवातलेच. इथले लोक ईस्टरला खिडकीत ज्याचं हिरवं गवत उगवतात ते बऱ्याचदा आळीवच असतं, मला हे कळायला सहा वर्षं लागली. तोवर इथून महागडं पाकीट आणत होते आणि आईने दिलेले आळीव डब्यात पडून होते.

तिखटजाळ:
पाच अंडी झाली! खरं तर सात केली, दोन गेली. कोथिंबिरीचं पान एकावर सरकलं, त्याला पोरगी 'मासा' म्हणते आणि तेच तिचं आवडतं आहे. पुठ्ठ्याच्या ट्रेचे खळगे कापून पिवळी फुलं केली, तीही फांदीला अडकवणार. खर्च फक्त अंड्यांचा.

आळीव अर्धा चमचा पेरले. तासाभरात प्रत्येक दाण्याभोवती जेलीचा थेंब आला, तिसऱ्या दिवशी मोड. कवचावर पोरीने डोळे काढलेत, आता त्याला केस येतायत आणि रोज सकाळी ती फवारा मारून 'अंघोळ' घालते. कापणार कधी विचारलं तर रडते.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, घटासारखंच दिसतंय की. आणि मग, लाडवाचे आळीव उरलेत ना?