गोल्फ 7 ट्यूफमध्ये नापास, हातात 1,940 युरोचं एस्टिमेट: आता काय करायचं आणि काय थांबवायचं?

नेकारकाठ

नमस्कार मंडळी. गाडी: फोक्सवॅगन गोल्फ 7, 2014, 1.4 टीएसआय पेट्रोल, 125 पीएस, 7 गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), 1,18,000 किमी. सात महिन्यांपूर्वी डीलरकडून घेतली. रोज ऑफिसला जाऊन-येऊन 12 किमी, महिन्यातून एक-दोनदा ऑटोबान.

या आठवड्यात श्टुटगार्टमध्ये ट्यूफ या तपासणी संस्थेकडे एचयू झाली, म्हणजे आपल्याकडची पासिंग. रिपोर्टवर 'एरहेब्लिशे मेंगल' (गंभीर दोष) म्हणून दोन गोष्टी आहेत: मागच्या दोन्ही ब्रेक डिस्क, आणि पुढच्या डाव्या लोअर आर्मचा (सस्पेन्शनचा खालचा दांडा) मागचा रबरी बुश. 'गेरिंगं मेंगल'मध्ये (किरकोळ दोष) नंबरप्लेटचा दिवा. स्टिकर मिळाला नाही, एका महिन्यात दुरुस्त करून परत दाखवायचं आहे.

ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट, 19 टक्के कर धरून:
पुढच्या आणि मागच्या डिस्क, पॅड: 880
दोन्ही बाजूंचे बुश आणि अलाइनमेंट: 460
डीएसजी गिअर तेल: 290
एसी सर्व्हिस, जंतुनाशक फवारणीसह: 165
ब्रेक ऑइल: 95
वायपर: 50

यातलं सक्तीचं किती? बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं तर पुन्हा तपासणीत अडचण येते का? आणि वर्षाचा खर्च आटोक्यात ठेवायला काय बघावं?

पाना_नंबर_17

आधी रिपोर्ट आणि एस्टिमेट शेजारी ठेवा. सक्तीच्या फक्त दोन गोष्टी आहेत, मागचे ब्रेक आणि बुश. नंबरप्लेटचा दिवा किरकोळ असला तरी तोही लगेच बदला. पुढच्या ब्रेकचा रिपोर्टमध्ये उल्लेखच नाही. ते बदलायचे असतील तर वर्कशॉपला डिस्कची मोजलेली जाडी आणि पॅडवर उरलेले मिलिमीटर लिहून मागा. कमीत कमी जाडी डिस्कच्या कडेवर कोरलेली असते. आकडा देत नसतील तर मोजलेलंच नाही असं समजा.

मागच्या डिस्क का गेल्या हे तुमच्या वापरावरूनच कळतं. मागचे ब्रेक तसेही कमी काम करतात. त्यात रोज सहा-सहा किलोमीटर हळू चालवणं, हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ आणि रात्रभर ओली गाडी. पॅड गंज खरवडून काढेल इतका दाब पडतच नाही, मग गंजाचे खड्डे होतात आणि पॅड डिस्कच्या अर्ध्या रुंदीलाच टेकतो. नव्या डिस्क बसवल्यावर आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, 80 वरून 30 पर्यंत तीन-चार वेळा नीट दाबून ब्रेक मारा. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा हाच रिपोर्ट हातात येईल.

पार्ट मागवताना फक्त 'गोल्फ 7' म्हणून मागवू नका. या गाडीला मागे 253 किंवा 272 मिमीची डिस्क येते, दोन्ही 10 मिमी जाड, किमान 8. तुमची कोणती ते पीआर नंबरवरून, म्हणजे कारखान्यात बसवलेल्या भागांच्या कोडवरून, कळतं. तो सर्व्हिस बुकमधल्या आणि स्टेपनीच्या खळग्यातल्या स्टिकरवर असतो. सोबत आरसीच्या, म्हणजे त्साउलासुंग्सबेशाइनिगुंग भाग 1 च्या, 2.1 आणि 2.2 या रकान्यांतले कोड आणि 'ई'मधला चासी नंबर द्या. आटे, टीआरडब्ल्यू किंवा टेक्स्टारच्या डिस्क आणि पॅडचा मागचा पूर्ण संच साधारण 90 ते 140 युरोत येतो. मजुरी तास-दीड तासाची. चांगल्या 'फ्राय वेर्कश्टाट'मध्ये (ब्रँडशी न बांधलेलं गॅरेज) मागचं सगळं काम 250 ते 330 युरोत व्हायला हवं.

स्वतः करायचा विचार असेल तर एक धोका लक्षात घ्या. गोल्फ 7 ला इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे. ओबीडी उपकरणाने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) मागचे कॅलिपर सर्व्हिस मोडमध्ये नेऊन मोटर मागे घ्यावी लागते. तसं न करता पिस्टन दाबून आत ढकलला तर मोटरच्या आतली यंत्रणा तुटते आणि वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट जातात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करा, नाहीतर नवी डिस्क वाकडी बसते. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने 120 न्यूटन-मीटर, आणि 50 किमीनंतर परत तपासा. लिफ्ट तासावर भाड्याने देणारी 'मीटवेर्कश्टाट' बहुतेक मोठ्या शहरांत असते. ब्रेकचं काम पूर्वी कोणाच्या हाताखाली केलेलं नसेल तर मात्र हे गॅरेजलाच द्या.

बुशचं बोलायचं तर दोन्ही बाजूंचे बदलायचा सल्ला बरोबर आहे. डावा गेला म्हणजे उजवाही तेवढाच चाललेला आहे, आणि अलाइनमेंटचं मशीन एकदाच लावावं लागतं. जोडीचे पार्ट 40 ते 60 युरो, मजुरी दोनेक तास, अलाइनमेंट 80 ते 120. गॅरेजला एक नक्की विचारा: बुशचा बोल्ट शेवटचा टाईट करताना गाडीचं वजन चाकांवर असेल ना? चाकं लोंबकळत असताना टाईट केला की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि सहा-आठ महिन्यांत फाटतं. नवा बुश लवकर गेला की त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

आता 290 युरोचं डीएसजी तेल. 1.4 टीएसआयला 7 गिअरची डीक्यू200 पेटी असते, कोरड्या क्लचची. तिला ठरावीक किलोमीटरवर तेल बदलायचा नियम फोक्सवॅगनच्या वेळापत्रकात नाही. 60,000 किमीचा नियम ओल्या क्लचच्या, उदाहरणार्थ 6 गिअरच्या डीक्यू250 ला लागू आहे. ही ओळ एस्टिमेटमध्ये कशी आली ते लेखी विचारा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच असतं, ते हवेतली ओल शोषतं. बाहेर 60-70 युरोत होतं. एसी थंड करत असेल तर सध्या केबिन फिल्टर बदला, ग्लोव्ह बॉक्समागे आहे, 10-15 युरोचा. वायपर 25 युरोत घरी बसतात.

मुळशी_ते_म्युन्शेन

पानादादांनी गाडी बघितली, मी कागद बघतो.

पुन्हा तपासणीला दुरुस्ती कोणाकडे केली याचा काही संबंध नाही. पार्ट नीट बसलेले दिसले की झालं. महिन्याच्या आत त्याच संस्थेकडे मूळ रिपोर्ट घेऊन जा, साधारण 15 ते 30 युरो लागतात. महिना उलटला तर पूर्ण एचयू नव्याने, आणि ती एमिशन धरून दीडशेच्या आसपास जाते. गॅरेजची वेळ मिळायलाच कधी कधी दोन-तीन आठवडे जातात, म्हणून आजच फोन करा.

एस्टिमेट मागताना 'कोस्टनफोरआनश्लाग' हा शब्द वापरा आणि तो लेखी घ्या. आधी ठरलेलं नसेल तर त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, बीजीबीच्या (जर्मन नागरी कायदा) कलम 632 मध्ये तसं आहे. काही वर्कशॉप आधीच सही घेऊन फी लावतात, तेव्हा सही करण्यापूर्वी वाचा. एस्टिमेटपेक्षा बिल बरंच वाढणार असेल तर त्यांनी आधी कळवायला हवं. ऑर्डरवरच लिहून घ्या: 'इतक्या युरोच्या वर काम करण्यापूर्वी फोन करावा'. तोंडी बोलणं भांडणात टिकत नाही.

मजुरी तपासायची तर बिलावरचे 'त्साइटआइनहाइटन' बघा. फोक्सवॅगनकडे 100 एकक म्हणजे एक तास. दुसऱ्या ब्रँडकडे 10 किंवा 12 एककांचा तास असतो, त्यामुळे दोन एस्टिमेट जुळवताना आधी तासात बदलून घ्या. मोठ्या शहरात अधिकृत वर्कशॉपचा तास दीडशे ते दोनशेच्या पुढे जातो, साध्या गॅरेजचा 90 ते 130. जर्मनीत पैसा पार्टपेक्षा या तासांतच जातो.

डीलरकडून घेऊन सातच महिने झालेत हे फार महत्त्वाचं. 2022 पासूनच्या नियमानुसार पहिल्या वर्षात निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे डीलरला सिद्ध करावं लागतं. डिस्क आणि पॅड झिजतातच, ते यात बसत नाहीत, आणि इतक्या किलोमीटरला बुशचंही अवघड आहे. पण उरलेल्या पाच महिन्यांत गिअरबॉक्सची मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) किंवा पाण्याचा पंप गेला तर परस्पर दुरुस्त करू नका. आधी डीलरला ईमेल करून, मुदत देऊन दुरुस्तीची संधी द्या. आधी बाहेर दुरुस्त केलं की सहसा हक्क जातो.

बिलावरून वाद झालाच तर गॅरेज 'इनुंग'चं (व्यावसायिकांची संघटना) सदस्य आहे का बघा. असेल तर वाहन व्यवसायाच्या 'शीड्सश्टेला'कडे (तक्रार निवारण मंडळ) तक्रार करता येते, ग्राहकाला फुकट असते.

नेकारकाठ

खूप आभार दोघांचे. पुढच्या पॅडचे मोजमाप मागितले, 7 मिमी आहेत. मेकाट्रॉनिक आणि पंपाची लक्षणं काय बघायची?

पाना_नंबर_17

7 मिमी म्हणजे पुढचे पॅड अजून बरेच चालतील. डिस्कची जाडी मात्र मागाच.

पंप: या इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात असतात, गिअरबॉक्सच्या बाजूला, आणि एका छोट्या वेगळ्या बेल्टवर फिरतात. तिथे गुलाबी-पांढरी वाळलेली खपली दिसली किंवा कुलंट दर महिन्याला किमान खुणेखाली जाऊ लागलं, तर गळती सुरू झाली आहे. पातळी थंड इंजिनवर बघायची. फोटो काढून तारीख ठेवा, डीलरला दाखवायला उपयोगी पडेल.

गिअरबॉक्स: पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसका, चढावर सुटताना थरथर, किंवा डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकून गाडी न्यूट्रलला जाणं. पहिली दोन बहुतेकदा क्लचची लक्षणं, तिसरं मेकाट्रॉनिककडे बोट दाखवतं. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकत राहू नका, थोडं अंतर पडू द्या आणि मग पुढे घ्या. कोरडा क्लच सरकण्यानेच तापतो.

टायमिंगला इथे चेन नसून बेल्ट आहे. गाडी दहा वर्षांच्या पुढची आहे, बुशच्या कामाच्या वेळी वरचं कव्हर उघडून बेल्टवर तडे आहेत का बघायला सांगा.

हिशोबी_काकू

वार्षिक खर्चाचा हिशोब मी सांगते.

कर: दर सुरू झालेल्या 100 सीसीला 2 युरो, म्हणजे 1,395 सीसीला 28. त्यावर 95 ग्रॅमपुढच्या प्रत्येक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला 2 युरो, 2014 च्या गाडीला हाच दर. ग्रॅमचा आकडा आरसीत व्ही.7 मध्ये आहे. 120 असेल तर 50, एकूण 78 युरो. हा खर्च तसा छोटाच.

मोठा खर्च विम्याचा. नव्याने आलेल्याला एसएफ (दाव्याविना गेलेल्या वर्षांचा वर्ग) 0 किंवा अर्ध्यापासून सुरुवात करावी लागते. भारतातलं नो क्लेम धरतील का ते करार करण्यापूर्वीच विचारा. बदलायचा असेल तर बहुतेक करारांना जुन्या कंपनीला 30 नोव्हेंबरपर्यंत नोटीस पोचायला लागते. हप्ता वाढवला तर पत्र मिळाल्यापासून एक महिना वेगळा मिळतो. वर्षाचे किलोमीटर खरे लिहा, तुमचे 6-7 हजारच होतील आणि 15,000 लिहिलं असेल तर फुकट जास्त भरताय. 'वेर्कश्टाटबिंडुंग' असलेला करार स्वस्त असतो, पण विम्याचं काम कंपनी सांगेल त्याच गॅरेजात.

टाइलकास्को, म्हणजे स्वतःच्या गाडीचा अंशतः विमा, जरूर ठेवा. गारपीट, काचेचा तडा, आणि मार्डर. हा मुंगसासारखा प्राणी रात्री बॉनेटखाली शिरून केबल आणि होस कुरतडतो. करारात 'फोल्गेशेडन' म्हणजे त्यामुळे पुढे होणारं नुकसान धरलंय का बघा. नुसत्या चावलेल्या केबलचे पैसे मिळून इंजिनाचे न मिळणं हा फरक मोठा आहे. काचेचा छोटा टवका भरून घेतला तर सहसा खिशातून काही जात नाही, आणि टाइलकास्कोच्या दाव्याने एसएफ खाली येत नाही.

तेल: तुमच्या छोट्या फेऱ्यांना दोन वर्षांचं लाँगलाइफ योग्य नाही. वर्षाला किंवा 15,000 किमीला बदला, फिल्टरसह सुमारे 4 लिटर, व्हीडब्ल्यू 504 00 किंवा 502 00 मानकाचं. लिटरमागे वर्कशॉप 20 ते 30 युरो लावतं, बाहेर 7 ते 10 ला मिळतं. स्वतःचं तेल आणलेलं चालेल का हे आधी फोनवर विचारा. बॅटरी बदलताना स्टार्ट-स्टॉपसाठी ईएफबी किंवा एजीएमच घ्या, साधी लवकर मरते.

हिवाळी टायरला डोंगर-हिमकणाचं चिन्ह हवंच, 1 ऑक्टोबर 2024 पासून नुसतं एम+एस (चिखल-बर्फाची जुनी खूण) चालत नाही. तुमच्या वापराला चिन्हवाले ऑलसीझन पुरतील. दोन संच, वर्षातून दोनदा बदलणं आणि गोदामाचं भाडं, हे सगळं वाचतं.

नेकारकाठ

जवळच्या एका साध्या गॅरेजचं लेखी एस्टिमेट आलं: मागचे ब्रेक 295, दोन्ही बुश आणि अलाइनमेंट 340, ब्रेक ऑइल 65, नंबरप्लेटचा बल्ब फुकट. एकूण 700. वेळ पुढच्या गुरुवारची.

मुळशी_ते_म्युन्शेन

घ्या. बिलावर पार्टची कंपनी आणि नंबर लिहून मागा, जुन्या डिस्क आणि बुश परत दाखवायला सांगा. गुरुवारीच पुन्हा तपासणीची वेळ शुक्रवार-सोमवारची धरून ठेवा. बरीच गॅरेजं ठरलेल्या दिवशी तपासनीस आपल्याकडेच बोलावतात, तुमच्या संस्थेचा येत असेल तर तिथल्या तिथे काम होईल.