हवेच्या पाइपाला कपलर कोणता लावता? आपापले अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. भोसरीत माझं चारचाकी दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या महिन्यात नवा कॉम्प्रेसर घेतला आणि पाइप जोडायला म्हणून जुना ड्रॉवर उपसला, तर त्यातून चौदा कपलर, म्हणजे पाइप झटकन जोडायचे-सोडवायचे सॉकेट आणि प्लग, निघाले. एकमेकांत नीट बसणारे त्यातले पाचच. बाकीचे दिसायला सख्खे भाऊ, पण याचा प्लग त्याच्या सॉकेटात जात नाही. गेलाच तर टक् असा आवाज येत नाही आणि हवा सोडली की सूं करून गळती सुरू.

तेव्हा ठरवलं, सगळ्या शॉपमध्ये एकच जात ठेवायची. आपल्याकडे हार्डवेअरवाल्याकडे सर्रास मिळते ती जपानी पद्धतीची, एसएम-20, पीएम-20 असे शिक्के असलेली. ज्यांना हे शिक्के कोडं वाटतात त्यांच्यासाठी सांगतो. पहिलं अक्षर एस असेल तर सॉकेट, पी असेल तर प्लग. दुसरं अक्षर एम असेल तर आटे बाहेरून, एफ असेल तर आतून. एच म्हणजे रबरी पाइपात घुसवायची खाचांची शेपटी. दुसरं अक्षरही पी असेल तर पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकचा) पाइप घालून नटाने आवळायचं. 20, 30, 40 म्हणजे दोन सूत, तीन सूत, चार सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). तोंड मात्र तिघांचं एकच, त्यामुळे 20 चा प्लग 40 च्या सॉकेटात बिनधास्त बसतो. हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर ड्रॉवर एवढा भरला नसता.

टायरात हवा भरण्यासाठी तुम्ही काय वापरता, कशावरून ठरवलं, कुठे फसलात, सगळं सविस्तर लिहा.

मिरज, पंक्चरचं दुकान

दादा, विषय चांगला काढला. बावीस वर्षं हेच काम करतोय. उसाच्या सीझनमध्ये ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा दिवसाला शंभरदा तरी नोझल काढ-घाल होते. कधी लांब नळीचा, कधी मीटरवाला, कधी नुसती फुंकायची बंदूक. अशा वापराला स्वस्तातला कपलर दोन महिने टिकत नाही. वरून चकचकीत असतो, आत जस्ताची ओतीव धातू. प्लगच्या मानेवर सॉकेटातल्या गोळ्या बसायची जी खाच असते ना, ती झिजून गोल होते आणि एक दिवस भरल्या हवेत प्लग आपोआप सुटतो. आमच्या पोऱ्याच्या हनुवटीला असाच लागला होता, तीन टाके पडले.

त्या दिवसापासून स्टीलचाच घेतो. दुकानात खिशातलं लोहचुंबक लावून बघतो. चिकटलं नाही तर एक तर पितळ आहे नाहीतर जस्त, आणि हातात वजन घेतलं की त्यातलं कुठलं ते कळतं. दुसरं, एका हाताने बसणारा घ्यायचा. नुसता प्लग दाबला की बसतो. जुन्या प्रकारात सॉकेटावरची सरकती बाही मागे ओढून धरावी लागते, त्यात दोन्ही हात गुंततात.

आणि कुणी उलटं जोडत असेल तर हात जोडून सांगतो, नका जोडू. सॉकेट हवेच्या बाजूला, प्लग नोझलच्या बाजूला. हवा अडवणारा आतला पडदा सॉकेटात असतो, प्लग म्हणजे नुसती पोकळ नळी. उलटं जोडलं तर काढताक्षणी सगळी हवा पाइपातून सुटते आणि पाइप सापासारखा फटकारे मारतो.

पुणे, कोथरूड

माझं गॅरेज वगैरे काही नाही. घरी दोन स्कूटर, एक कार आणि मुलाची सायकल. पंपावरच्या रांगेला कंटाळून छोटा टाकीवाला कॉम्प्रेसर घेतला. त्याच्या तोंडावरचा कपलर गळत होता म्हणून तो बदलायला निघाले. आट्यांचा व्यास व्हर्नियरने नीट मोजला, 13 मिलिमीटरच्या जरा वर आला. अर्धा इंच म्हणजे 12.7, म्हणजे हा अर्धा इंचीच असणार असं धरून अर्धा इंची घेऊन आले. घरी बघते तर केवढा तरी मोठा. परत गेले. दुकानदार काका म्हणाले, "ताई, हा पाव इंचीच आहे. पाइपाच्या मापात बाहेरून मोजायचं नसतं." पाव इंची आट्यांचा बाहेरचा व्यास 13 मिलिमीटर भरतो हे तेव्हा कळलं. आता नवा घेताना जुना तुकडा पिशवीत घालूनच नेते.

अजून एक. स्कूटरच्या मागच्या चाकाला सरळ नोझल जातच नाही, सायलेन्सर आणि ब्रेकच्या मध्ये बोट शिरायची मारामार. वाकड्या मानेचा नोझल स्वतंत्र प्लगवर बसवून घेतला आणि तो प्रश्न मिटला. दोन नोझल, दोन प्लग, एक सॉकेट. आमच्या घराला एवढं पुरतं.

सिन्नर, ट्रकचे टायर

कपलरपेक्षा तो पाइपावर कुठे लावायचा याबद्दल मला बोलायचंय.

वीस वर्षांपूर्वी मी रिंगवाल्या चाकात हवा भरत होतो. डिस्क जुनी, लॉक रिंग (टायर डिस्कवर अडकवून धरणारी लोखंडी कडी) गंजलेली, खाचेत पूर्ण बसलेली नव्हती. हातात नोझल दाबून धरलेला, म्हणजे मी चाकावर ओणवा. 60-70 पीएसआय दाबाला रिंग सुटली. डोक्याला लागलं नाही, कारण मी मीटर बघायला मान वळवली होती. उजवं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. आजही थंडीत तो हात पूर्ण वळत नाही.

आता माझी मांडणी अशी. टायरच्या टोकाला चिमट्यासारखा धरणारा क्लिपचा नोझल, तो लावला की हात मोकळा. तिथून दहा फूट अखंड पाइप, मध्ये एकही जोड नाही. दहा फुटांवर मीटर आणि खटका, आणि खटक्याच्या मागे कपलर. चाक लोखंडी पिंजऱ्यात, रिंग उडाली तर तिथेच अडावी म्हणून. पिंजरा नसेल तर मी रिंगच्या समोर नसतो, टायरच्या नक्षीच्या बाजूला असतो. पहिल्यांदा भरताना वॉलची (टायरच्या हवा भरायच्या तोंडाची) पिन काढून ठेवतो आणि नोझल घेतो तो आत पडदा नसलेला. काही वाकडं दिसलं तर खटका दाबून धरायचा आणि कपलर ओढायचा. प्लग पोकळ असल्यामुळे टायरमधली हवा त्याच वाटेने बाहेर पडते, चाकाजवळ जावं लागत नाही. मीटरमधून हवा उलटी सोडणारे खटके असले तर उत्तमच.

ट्रकला 110-120 पीएसआय लागतात. तिथे दोन-तीनशे रुपये वाचवू नका.

न्यू जर्सी (मूळ कोल्हापूर)

इथे अमेरिकेत गोंधळ वेगळाच आहे. पाव इंची प्लगच्याच दोन जाती शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, एक इंडस्ट्रियल, दुसरी ऑटोमोटिव्ह. मान कुठे बारीक आणि खांदा कुठे सुरू होतो एवढाच फरक. मी टायरसाठी घ्यायचा म्हणून नावावर विश्वास ठेवून ऑटोमोटिव्ह घेतला. कॉम्प्रेसरसोबत आलेला सॉकेट होता इंडस्ट्रियल. शेवटी दोन्ही जाती घेणारा युनिव्हर्सल सॉकेट लावला. घरच्या कामाला तो ठीक चालतो.

खरी फजिती पुढे झाली. सुट्टीत येताना बाबांच्या कोल्हापूरच्या दुकानासाठी इथले छान पितळी कपलर घेऊन आलो. पहिले तीन-चार फेरे सुरेख बसले, मग अडकले. बाबांनी पान्याला जोर दिला आणि आटे गेले. इथले पाव इंची आटे इंचाला 18 आणि निमुळते, आपल्याकडचे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) इंचाला 19. कोनही वेगळा, 60 आणि 55 अंशांचा. टेफ्लॉनची पट्टी कितीही गुंडाळा, ते जोडपं जमत नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण ते नवे कपलर त्यांनी खूप दिवस टेबलावर तसेच ठेवले होते. परदेशातल्यांनी भेट म्हणून अवजारं न्यावीत, फिटिंग नेऊ नयेत, असं माझं मत.

नाशिक, सातपूर

भोसरीकरांशी थोडा असहमत आहे. आमच्या शॉपमध्ये मी मुद्दाम दोन जाती ठेवल्या आहेत.

कारण तेल. नट खोलायच्या हवेच्या बंदुकीला तेल लागतं, त्यामुळे त्या लाइनवर तेल सोडणारी बाटली बसवलेली आहे. तीच लाइन टायरला लावली तर तेलाचा फवारा टायरात जातो आणि तेल हा रबराचा शत्रू. ट्यूब असेल तर आणखी वाईट. पोरांना सांगून सांगून थकलो. घाईत हाताला येईल तो पाइप उचलणारच. मग टायरच्या कोरड्या लाइनला युरोपियन पद्धतीचे कपलर लावले. आता चुकीचा पाइप नोझलला बसतच नाही, सांगायची गरज उरली नाही.

मोठ्या तोंडाचा कपलर घेतला की टायर लवकर भरतो असंही अनेकांना वाटतं. तसं होत नाही. हवेची वाट अडते ती वॉलच्या पिनेपाशी, तिथलं भोक कपलरपेक्षा कितीतरी लहान. दोन सुतीचा कपलर टायरला पुरून उरतो. ट्यूबलेस टायरची कड रिमवर चढवायला पिन काढून एकदम हवेचा लोट मारतो, तेव्हाच तेवढा चार सुतीचा उपयोग होतो.

भोसरी

नाशिककर, तेलाचं मुळीच लक्षात आलं नव्हतं. आमची बंदूक आणि टायरचा पाइप एकाच लाइनवर आहे. या रविवारी वेगळी करतो. दोन जातींचं पटलं.

पलूस, शेतकरी

ट्रॅक्टरवाल्यांसाठी लिहितो. नांगरटीला वजन पाहिजे म्हणून मागच्या टायरांत आम्ही पाणी भरतो. हवा तपासताना चाक फिरवून वॉल वर आणायचाच. मी एकदा खाली असतानाच नोझल लावला. पाणी मीटरात शिरलं, तिथून बंदुकीत. नळी तशीच गुंडाळून खोपटात टांगली. चार महिन्यांनी काढली तर स्टीलचा प्लग गंजून सॉकेटात असा धरला होता की शेवटी पाइपच कापावा लागला. आता टायरच्या बाजूचा प्लग पितळी, आणि काम झालं की पाइप न विसरता सोडवून ठेवतो.

मीटरही बघून घ्या. मागच्या टायरला 14-15 पीएसआय भरायचे आणि मीटर 220 पर्यंतचा, काटा कुठे उभा आहे कळतच नाही. कमी मापाचा मीटर वेगळ्या प्लगवर ठेवलाय, लागेल तेव्हा टक् करून जोडतो.

सोलापूर

आमच्याकडच्या उन्हाचं सांगतो. पीयू पाइप हलका, निळाशार, सुबक. पण मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली मऊ पडतो आणि नटाच्या जोडातून निसटतो. दोन उन्हाळे अनुभव घेऊन जाड रबरी पाइप आणि एच शेपटीवर आलो. त्यावर आवळायची क्लिप चांगली घ्या.

मस्कत

इथे शुक्रवारी वाळवंटात गाडी घेऊन जायची आम्हा चार-पाच मराठी घरांची पद्धत आहे. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा 15-18 पीएसआयवर आणतो आणि डांबरी रस्ता लागला की परत भरतो. चार चाकं, पाच गाड्या, एक कॉम्प्रेसर. अशा वेळी गुंडाळी नळी आणि कपलर नसेल तर संध्याकाळ तिथेच होते.

त्रास एकच, वाळू. सॉकेटाच्या बाहीखाली दोन कण गेले की बाही मागे सरकते पण परत येत नाही, प्लग अर्धवट धरला जातो. ग्रीस लावून पाहिलं तर वाळू आणखी चिकटली. आता सॉकेट कोरडाच ठेवतो, वापर झाला की झाकण लावून सुती पिशवीत. जोडण्याआधी प्लग पाठीमागून फुंकतो. झाकण साखळीसकट मिळतं. नसेल मिळत तर औषधाच्या बाटलीचं रबरी बूच बसतं का पाहा, आमच्यातल्या एकाचं अगदी चपखल बसलंय.

मालवण

आमच्याकडे खारी हवा. मिरजकरांचं स्टील इथे एका पावसाळ्यात तांबूस होतं, म्हणून मी पितळीच वापरतो. झिजतो लवकर, पण अडकत नाही. मिरजकर, एक विचारायचं होतं. माझा सॉकेट प्लग लावलेला असतानाच गळतो, काढला की गळत नाही. टाकून देऊ का?

मिरज, पंक्चरचं दुकान

नका टाकू भाऊ. काढल्यावर गळत नाही म्हणजे आतला पडदा शाबूत आहे. तोंडाशी काळी ओ-रिंग असते, ती कडक झाली असेल किंवा चिरली असेल. साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे प्लग आणि सॉकेटच्या फटीतून आले तर तीच. आट्यांतून आले तर टेफ्लॉन बदला. पहिला आटा मोकळा सोडून आटे आवळतात त्या दिशेने तीन फेरे द्या. ओ-रिंग काढायला टोचा वापरू नका, खाच ओरखडते आणि मग नवी रिंगही गळते. मी आइस्क्रीमची लाकडी काडी तासून ठेवलीय. जुनी रिंग घेऊन दुकानात जा, मापाची दोन-पाच रुपयांत मिळते. बसवताना कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब लावा आणि प्लग दहा-बारा वेळा घाल-काढ करा. गळायची थांबली का ते इथे लिहा.